सुई आधी की चित्र आधी?

आज आपण एका जुन्या सवयीपासून सुरुवात करू. स्तनात गाठ लागली तर डॉक्टर त्या गाठीतच सुई घालतात. फुप्फुसात डाग दिसला तर त्या डागाचाच तुकडा काढतात. पुरुषांच्या प्रोस्टेट ग्रंथीचं मात्र तसं नव्हतं. जवळपास तीस वर्षं तिच्यात सुया घातल्या गेल्या, त्या गाठ नेमकी कुठे आहे हे न बघता.

पीएसए या रक्तचाचणीला अमेरिकेत १९८६ साली मान्यता मिळाली ती कॅन्सर झालेल्यांवर लक्ष ठेवण्यासाठी. १९९४ मध्ये रोग शोधण्यासाठीही मिळाली. पण पीएसए निरोगी ग्रंथीतही तयार होतं. वयामुळे ग्रंथी वाढली, जंतुसंसर्ग झाला, तरी आकडा चढतो. कशामुळे चढला ते कळत नाही. मग बायोप्सी. गुदाशयात सोनोग्राफीची नळी घातली की ग्रंथी दिसायची, गाठ बहुतेकदा दिसायची नाही. म्हणून ठरावीक जागी सुया टोचायच्या: १९८९ पासून सहा, पुढे दहा-बारा. आपल्या भाषेत सांगायचं तर अंदाजपंचे कारभार!

त्याची किंमत दोन्हीकडून मोजावी लागली. ग्रंथीच्या पुढच्या भागातली घातक गाठ सुईला चुकायची. उलट, जन्मभर त्रास न देणारा बारीकसा कॅन्सर सापडायचा. एकदा तो शब्द कानावर पडला की गप्प बसणं कुणाला जमतं? शस्त्रक्रिया किंवा रेडिएशन, आणि मागाहून कित्येकांना लघवीवर ताबा नाही, लैंगिक क्षमता गेलेली.

बरं, एमआरआय तेव्हा नव्हता का? होता. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीलाच प्रोस्टेटची चित्रं निघू लागली होती. पण ती काढायची रोग सापडल्यावर, तो किती पसरलाय हे बघायला. त्यात बायोप्सीच्या रक्तस्रावाने चित्र गढूळ व्हायचं, म्हणून काही आठवडे थांबायचं. आधी टोचायचं, मग बघायचं! पुढे पाण्याचे रेणू पेशींमधून किती मोकळे फिरतात हे दाखवणारं तंत्र आलं. दाटीवाटीच्या गाठीत ते अडखळतात, तिथे संशय घ्यायचा. २०१२ मध्ये युरोपातल्या तज्ज्ञांनी अशा संशयाला १ ते ५ गुण देण्याची पद्धत आखली.

तरी पुरावा हवा होता. ‘प्रोमिस’ या ब्रिटिश अभ्यासात ५७६ पुरुषांचा आधी एमआरआय काढला आणि त्याचा निष्कर्ष सुई धरणाऱ्यापासून लपवून ठेवला. मग नेहमीची बायोप्सी केलीच, शिवाय भूल देऊन दर पाच मिलिमीटरवर सुई घालून अख्खी ग्रंथी तपासली. या माणसांनी केवढं सोसलं, हे आकडे वाचताना आपण विसरू नये. २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निकाल आला: ज्यांना महत्त्वाचा कॅन्सर होता अशा १०० जणांपैकी ९३ एमआरआयने ओळखले, जुन्या बायोप्सीने फक्त ४८. म्हणजे इतकी वर्षं “काही नाही, घरी जा” असं ऐकून निघालेल्यांमध्ये...

पुढच्याच वर्षी ‘प्रिसिजन’ अभ्यासात ५०० पुरुषांचे दोन गट केले. एमआरआय आधी काढलेल्या गटात महत्त्वाचे कॅन्सर ३८ टक्क्यांना सापडले, दुसऱ्यात २६. बिनमहत्त्वाचे ९ विरुद्ध २२. शिवाय पहिल्या गटातल्या २८ टक्के पुरुषांना सुई टोचावीच लागली नाही. २०१९ मध्ये ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेने ‘आधी एमआरआय’ ही शिफारस केली.

पण चित्रावर डोळे झाकून विसंबता येत नाही. ‘प्रोमिस’मध्येच महत्त्वाचा कॅन्सर नसलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त जणांच्या चित्रात काहीतरी संशयास्पद दिसलं होतं, त्यांच्यासाठी बायोप्सी सुटत नाही. आणि चित्र स्वच्छ आलं तरी पीएसएवर लक्ष ठेवावंच लागतं. चित्र वाचणारी नजर मुरलेली हवी, यंत्रावर जागा मिळायला हवी. २०२५ मध्ये ‘प्राइम’ अभ्यासात दिसलं, की शिरेतून औषध न टोचता काढलेला छोटा एमआरआयही, चित्रं चांगल्या दर्जाची असतील तर, महत्त्वाचे कॅन्सर शोधण्यात मागे पडत नाही. त्यामुळे त्याच यंत्रावर एका दिवसात जास्त माणसं तपासता येतील.