शाईचा थेंब आणि घरचें छायाचित्र

घरच्या घरीं छायाचित्रें छापण्यासाठीं कोणतें यंत्र घ्यावें, असें एका स्नेह्यानें मला मध्यंतरीं विचारलें. मी यंत्रज्ञ नव्हें. जुन्या वस्तूंच्या इतिहासाची आवड असलेला साधा माणूस. पण स्नेह्याला छापावयाचें होतें तें चित्र त्याच्या आईचें होतें. मूळ प्रत एकच. स्टुडिओंत काढलेली, काळी-पांढरी, कडा झिजलेली, किंचित् पिवळसर पडलेली. तरी सत्तर वर्षांनंतरहि आईचे डोळे त्या कागदावर स्वच्छ दिसत होते. तिघां भावंडांना एकेक प्रत हवी होती. दुकानदारानें त्याला कोणतें यंत्र इंचाला किती ठिपके छापतें, एवढेंच काय तें समजावून दिलें होतें.

ठिपक्यांची ही गणना खोटी नाहीं, पण तो तंटा जुना आहे आणि मिटलेला आहे. तो कसा मिटला हें पाहण्यासारखें आहे.

द्रवाची धार तुटून तिचे थेंब कां होतात, ह्याचा अभ्यास फ्रान्समध्यें फेलिक्स साव्हार ह्यानें १८३३ सालीं प्रसिद्ध केला, आणि पुढें इंग्लंडांत लॉर्ड रॅले ह्यानें त्याचें गणित मांडलें. दरम्यान १८६७ सालीं विल्यम टॉमसन, म्हणजे मागाहून लॉर्ड केल्व्हिन झालेले गृहस्थ, ह्यांनीं समुद्राखालच्या तारेंतून येणारे क्षीण संदेश टिपण्यासाठीं एक यंत्र केलें. त्यांत कांचेच्या केसासारख्या नळींतून विद्युतभारित शाई कागदावर पडे. नळी कागदाला टेकत नसे. पुढें १९५१ सालीं स्वीडनच्या रूने एल्मक्विस्ट ह्यांनीं शाईच्या धारेनें आलेख काढण्याच्या युक्तीचें पेटंट मिळविलें. हृदयाच्या स्पंदनांची नोंद घेणें हा तिचा उपयोग. ह्याच एल्मक्विस्टांनीं बनविलेला पेसमेकर १९५८ सालीं प्रथम मनुष्याच्या देहांत बसविण्यांत आला, हें जातां जातां सांगितल्याशिवाय राहवत नाहीं.

घरगुती यंत्राचा जन्म मात्र १९७७ नंतरचा. त्या सालीं जपानांत कॅनन कंपनीच्या प्रयोगशाळेंत इचिरो एंडो ह्यांच्यासमोर डाख देण्याची तापलेली सळई शाई भरलेल्या पिचकारीच्या सुईला चुकून लागली, आणि सुईच्या टोकांतून शाई उडाली. उष्णतेनें शाईंत बुडबुडा होतो व तो थेंबाला बाहेर ढकलतो, हें त्यांतून उमगलें. अमेरिकेंत ह्यूलेट-पॅकार्डची मंडळी स्वतंत्रपणें त्याच जागीं पोंचली व १९८४ सालीं त्यांनीं थिंकजेट हें यंत्र विक्रीस काढलें. त्याच्या मुखाला अवघीं बारा छिद्रें होतीं. एप्सननें उष्णतेची वाट सोडली. कांहीं स्फटिक दाबले असतां त्यांत वीज उत्पन्न होते, हें क्यूरी बंधूंनीं १८८० सालीं दाखविलें होतें. उलट वीज दिली असतां स्फटिकाचा आकार बदलतो, आणि त्या हिसक्यानें शाई उडवितां येते.

१९९४ सालच्या एप्सन स्टायलस कलरनें इंचाला ७२० ठिपके छापून दाखविले. तरीहि चेहरा नीट उतरेना. गालाची उजळ छटा दाट शाईच्या विरळ ठिपक्यांनीं दाखविली तर गालावर पुरळ आल्यासारखें दिसे. १९९६ सालीं जपानांत निघालेल्या पीएम-७०० सी ह्या यंत्रांत फिकट निळी व फिकट किरमिजी अशा दोन शाया अधिक घातल्या आणि तो दोष बहुतांशीं गेला. तेव्हांपासून उघड्या डोळ्यांना ठिपका दिसेनासा झाला म्हटलें तरी चालेल. राहिला प्रश्न तो टिकण्याचा.

हा प्रश्न प्रथम श्रीमंतांच्या घरीं उठला. आयरिस नांवाचें महागडें यंत्र छापखान्यांत रंगाचे कच्चे नमुने काढण्यासाठीं वापरीत. गायक ग्रॅहॅम नॅश ह्यांनीं तें १,२६,००० डॉलरना घेतलें आणि १९९१ सालीं कॅलिफोर्नियांत त्यावर कलाकृती छापण्याची संस्था काढली. तेथील जॅक डुगान ह्यांनीं ह्या चित्रांना ‘जिक्ले’ असें फ्रेंच धर्तीचें नांव दिलें. मूळ अर्थ पिचकारी मारणें, इतकाच! तें यंत्र आतां स्मिथसोनियन संग्रहालयांत आहे. पण नमुन्याला चार दिवस टिकलें कीं पुरे, म्हणून त्याच्या मूळच्या शाया भिंतीवर लौकर उडूं लागल्या. रंगीत छायाचित्रांच्या टिकाऊपणावर हेन्री विल्हेल्म ह्यांचा सातशेंहून अधिक पृष्ठांचा ग्रंथ १९९३ सालीं निघाला, तो अशाच काळजींतून.

मग २००० सालीं सामान्य घरांची पाळी आली. एका नामांकित कंपनीच्या नव्या यंत्रावर, चकचकीत कागदावर छापलेलीं चित्रें कित्येकांच्या घरीं थोड्याच आठवड्यांत नारिंगी पडलीं. उजेडाच्या कसोटीला तीं उतरलीं होतीं. दगा दिला हवेनें. हवेंतील ओझोन वायूनें निळी शाई आधीं खाल्ली आणि उरलेल्या रंगांचा नारिंगी झाला.

येथें शाईची जात पाहावी लागते. एक शाई साखरेसारखी द्रवांत पुरती विरघळलेली असते. तिचे रंग झळझळीत, पण हवा व प्रकाश तिच्या एकेका रेणूला गांठतात. दुसरींत रंगद्रव्याचे सूक्ष्म कण तरंगत असतात. कणाचा वरचा थर झिजला तरी आंतला राहतो. रविवर्म्याच्या १८९४ सालीं मुंबईंत निघालेल्या व पुढें मळवलीस गेलेल्या छापखान्यांतील देवादिकांचीं चित्रें जुन्या घरांतून अद्याप ओळखूं येतात, तीं ह्याच दुसऱ्या जातीच्या शाईनें छापलेलीं. एप्सननें २००० सालींच कणांच्या शाईचें २०००पी हें यंत्र आणलें. त्याचीं चित्रें टिकाऊ खरीं, पण दिव्याखालीं ठीक दिसणारा राखी रंग दिवसा हिरवट वाटे. २००५ सालीं एका काळ्याच्या जागीं काळा व दोन राखी अशा तीन शाया आल्यावर काळ्या-पांढऱ्या चित्राचें हें दुःख बरेंच कमी झालें.

कागदाचेंहि तसेंच. शाई पडतांच सुकणारा कागद सूक्ष्म भोंकांचा असतो, म्हणून हवेलाहि वाट मोकळी. शाई पोटांत घेऊन फुगणारा कागद हवेपासून जपतो, पण सुकण्यास वेळ घेतो आणि ओलाव्यास भितो. मुंबई-कोंकणच्या पावसाळ्यांत हा दुसरा मी तरी वापरणार नाहीं.

अलीकडे टाकींत शाई ओतण्याचीं यंत्रें फार खपतात. एप्सननें तीं २०१० सालीं इंडोनेशियांत आणलीं व लौकरच आपल्याकडेहि आलीं. शाई स्वस्त पडते, आणि मुलांच्या सहलीचीं, वाढदिवसांचीं चित्रें छापणाऱ्या घरानें तींच घ्यावींत. मात्र त्यांच्या रंगीत शाया पुष्कळदां विरघळणाऱ्या जातीच्या असतात, तेव्हां चित्र कांचेखालीं ठेवावें. कणांच्या शाईचें, राखी शाया असलेलें यंत्र महाग. शिवाय कोणतेंहि इंकजेट यंत्र महिनोन्‌महिने पडून राहिलें कीं छिद्रें बुजतात, आणि तीं साफ करण्यांतच कितीतरी शाई वाहून जाते. वर्षाकांठीं दहा-पांच चित्रें छापणाऱ्यानें तें घेणें म्हणजे रोज न वापरावयाची गाडी दारांत ठेवून तिच्या बॅटरीची चिंता करणें.

स्नेह्याला मीं यंत्र न घेण्याचा सल्ला दिला. तो शहरांतल्या तीन दुकानांत गेला आणि प्रत्येक ठिकाणीं शाई कोणती व कागद कोणता, हे दोनच प्रश्न त्यानें विचारले. दोन ठिकाणीं त्याच्याकडे विचित्र नजरेनें पाहिलें. तिसऱ्या दुकानदारानें मात्र शाईची डबी काढून त्याच्या हातांत दिली. तेथें तीन प्रती निघाल्या. मूळ चित्र कोणा भावंडाकडे राहावें, हें मात्र त्यांचें अजून ठरलेलें नाहीं.