गिरणीतल्या बायांचे रक्त

तांबड्या रक्तपेशी हाडांतल्या मज्जेत घडतात आणि सुमारे 120 दिवस जगतात. पण त्या नीट घडायला अन्नातले काय लागते? या शोधाचा धागा सापडला आपल्या मुंबईत. 1928 साली डॉ. लूसी विल्स या इंग्रज बाई इथे आल्या. गिरणीत राबणाऱ्या कित्येक गरोदर बाया पांढऱ्याफटक पडून दगावत. त्यांच्या रक्तपेशी थोड्या, पण नको इतक्या मोठ्या! विल्सबाईंनी त्यांच्या ताटात डोकावून पाहिले; भाजीपाला, फळे जवळजवळ नाहीतच. प्राण्यांवर प्रयोग करून मग त्यांनी रोगी बायांना मार्माईट दिले. इंग्रज लोक पावाला लावतात तो हा यीस्टचा स्वस्त अर्क. रक्त भरू लागले! 1931 मध्ये हे प्रसिद्ध झाले. त्यातले गुणकारी द्रव्य नेमके कोणते, हे मात्र दहा वर्षे अज्ञातच राहिले. 1941 साली अमेरिकेत पालकाच्या पानांतून ते वेगळे काढले. तेच फॉलिक आम्ल.