कवंदीचे चार कोपरे

उत्तर कन्नड जिल्ह्यातील यल्लापूर, हल्याळ, मुंडगोड या परिसरातील सिद्दी समाजाचा लिखित इतिहास त्रोटक आहे. पोर्तुगीज काळात आफ्रिकेतून गुलाम म्हणून गोव्यात आणलेल्या आणि तेथून निसटून वा सुटून घाटावरच्या जंगलांत स्थिरावलेल्या माणसांचे हे बहुतांशी वंशज, यापलीकडे तो फारसा जात नाही. सिद्दी स्त्रियांनी शिवलेल्या कवंद्या मात्र अधिक सांगतात.

कवंदी ही आपल्या गोधडीची सख्खी बहीण. खाली जुनी साडी, वर जीर्ण कपड्यांचे रंगीबेरंगी तुकडे, आणि सर्वांना सांधणारा धावदोरा. शिलाई एका कोपऱ्यापासून निघते, कडेकडेने आत सरकते आणि मध्यावर थांबते. चारही कोपऱ्यांना दुमडलेल्या त्रिकोणी चिंध्यांची फुले लागतात. त्यांनी ऊब तिळभरही वाढत नाही. तरी त्यांवाचून कवंदी उघडी मानली जाते.

2004 पासून अमेरिकन कलेतिहासकार हेन्री ड्रेवाल यांच्या पुढाकाराने या कवंद्या परदेशी रसिकांपर्यंत पोहोचल्या आणि त्यांत आफ्रिकेच्या स्मृती शोधल्या गेल्या. रंगांच्या मांडणीत त्या असतीलही. पण धावदोरा दख्खनच्या घराघरांतला आहे. आणि कुठे क्रूस, कुठे चंद्रकोर, अशा खुणाही कवंदीवर उमटतात. केवळ वंशावरून तिचे मूळ ठरवणे आम्हांस अपुरे वाटते.

सौंदर्य ही गरज भागल्यानंतरची चैन, असे आपण समीक्षेतही नकळत गृहीत धरतो. चिंध्यांतूनही फुलांपुरत्या चिंध्या बाजूला काढणाऱ्या या स्त्रियांना तो क्रम मान्य नाही.