विळा, वायर आणि बॅटरी : आपल्या हिरवळीचा जमाखर्च

संपादक मंडळाने मला संस्थेच्या हिशेबांचा इतिहास लिहायला सांगितला होता. उभा जन्म बँकेत काढलेल्या माणसाकडून दुसरं काय मागणार! पण जुने ताळेबंद चाळताना लक्षात आलं की, बागेतलं गवत कापायला आपण चार वेळा यंत्रं घेतली. पहिलं बरं होतं, पुढची दोन साफ चुकली, आणि त्या दोन्ही वेळी कोषाध्यक्ष मीच होतो. तेव्हा तोच इतिहास सांगतो.

पहिली काही वर्षं यंत्र नव्हतंच. ले-आउटमधल्या खुल्या जागेत हरळी लावली आणि माळीभाऊ विळ्याने ती कापत. यवतमाळात गवत माजतं ते पावसाळ्याचे चार महिने, पण त्या चार महिन्यांत ते माणसाला बसू देत नाही. भाऊ उकिडवे बसून एका टोकापासून निघायचे, दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत पहिलं टोक पुन्हा घोट्याएवढं. संध्याकाळी गवताचा भारा सायकलवर बांधून घरी न्यायचे. त्यांच्या दोन शेळ्या होत्या. हा भारा आपल्या कोणत्याच हिशेबात नव्हता, हे ध्यानात ठेवा.

मग हाताने ढकलायचं रूळाचं यंत्र आलं. त्याचा जन्म १८३० चा. इंग्लंडमधल्या एडविन बडिंग नावाच्या कारागिराने कापडगिरणीत कापडावरची लव कापणारं फिरतं पातं पाहिलं आणि तेच गवतावर चालवलं. आपला कापसाचा जिल्हा, म्हणून ही गोष्ट मला फार आवडते. यंत्र चांगलं होतं. पण पंधरा दिवस झड लागली आणि गवत गुडघ्याला आलं की पातं अडकायचं, आणि त्याला धार लावणारा माणूस गावात धड मिळेना.

तेव्हा आम्ही विजेचं यंत्र घेतलं. नियमाप्रमाणे तीन कोटेशनं मागवली, सगळ्यात कमी दराचं मी मंजूर केलं आणि सभेत पाठ थोपटून घेतली. आणताच भाऊ म्हणाले होते, "सायेब, गवत मी कापतो, पन हे वायर कोन सांभायीन?" मी हसलो. तो काळ विदर्भातल्या भारनियमनाचा. वीज यायची तेव्हा भाऊ जेवायला गेलेले, भाऊ यायचे तेव्हा वीज गेलेली. त्या घाईत एके दिवशी ओल्या गवतात पात्याखाली वायर आली. भाऊ फेकले गेले. तळहात भाजला, जीव वाचला. पुढे इलेक्ट्रिशियन म्हणाला, गळती होताच वीज तोडणारं ईएलसीबी बसवलं असतं तर एवढंही झालं नसतं. ते त्या कोटेशनात नव्हतं. म्हणून तर ते स्वस्त होतं. दवाखान्याचं बिल संस्थेने दिलं, ताळेबंदात ते 'किरकोळ खर्च' या सदरात आहे. ते सदर माझ्या अक्षरातलं आहे.

त्यानंतर वायरच नको म्हणून खांद्याला अडकवायचा पेट्रोलचा कटर. त्याच्याबद्दल फार लिहीत नाही, आपल्यापैकी बहुतेकांनी तो रविवारी सकाळी ऐकलेला आहे. पेट्रोलमध्ये मापाने ऑइल मिसळावं लागे. एकदा बदली माणूस ते विसरला आणि इंजिन जाम झालं. एकदा उडालेल्या खड्याने गाडीची काच गेली. मुख्य म्हणजे भाऊंना हाक मारली तर ऐकू येईनासं झालं. रात्री कानात रातकिडे वाजतात म्हणायचे. आम्हाला तो वयाचा भाग वाटला.

पुढचा फेरफार आम्ही केला नाही, पाण्याने केला. २०१८ चा उन्हाळा आठवतो ना? निळोणा आणि चापडोह आटले, शहर टँकरवर आलं. प्यायला पाणी विकत घ्यायचं आणि हरळीला घालायचं, हे कोणालाच पटेना. हिरवळ मेली. पावसानंतर फक्त अडीच हजार चौरस फूट ठेवायची, बाकी जागेत कडुनिंब आणि करंज लावायचे असा ठराव झाला. जागा लहान झाली म्हणूनच बॅटरीचं यंत्र आपल्या आवाक्यात आलं.

सभेत मात्र 'बॅटरी' शब्द निघताच एक सभासद उठले. त्यांचं शेत आहे. म्हणाले, "बॅटरीच्या पंपांनी कपाशीत काय केलं, विसरलात का?" सभा गप्प झाली. २०१७ च्या पावसाळ्यात फवारणी करताना विषबाधा होऊन आपल्या जिल्ह्यात वीसच्या आसपास शेतकरी आणि शेतमजूर दगावले. कारणं अनेक सांगितली गेली : डोक्यापर्यंत वाढलेली कपाशी, औषधांची मिसळ, तोंडाला-हाताला काही नसणं, आणि जोराने बारीक तुषार उडवणारे स्वस्त पंपसुद्धा. यंत्राने कष्ट वाचवले, पण चालवणाऱ्याच्या अंगावर काय येतं ते कोणी पाहिलं नाही. मला तळहात आठवला. मी सुचवलं की या वेळी कोटेशनं नंतर, आधी भाऊंना यंत्र चालवू द्या.

दोन विक्रेत्यांनी यंत्रं आणून दाखवली. मी चष्मा लावून आकडे पाहिले. डब्यावर '४० व्होल्ट' लिहिलेलं असतं, तो पूर्ण भरलेल्या बॅटरीचा आकडा. चालताना धरायचे ३६. त्याला ४ अँपिअर-अवरने गुणलं की १४४ वॅट-अवर, म्हणजे एका युनिटचा सातवा हिस्सा. चार्ज करायला दोन रुपयेही लागत नाहीत. पण ओल्या, दाट गवतात हे पंधरा-वीस मिनिटांत संपतं, म्हणून बॅटऱ्या दोन हव्यात. शिवाय एका कंपनीची बॅटरी दुसरीच्या यंत्राला बसत नाही. बचत खातं बदलता येतं, हे बदलता येत नाही. तेव्हा कुंपण छाटायची कात्रीही त्याच बॅटरीवर चालणारी पाहिली.

भाऊंनी आकडे पाहिले नाहीत. एक यंत्र उचलून परत ठेवलं : "वजन समोर जाते जी, मनगट दुखन." दुसरं चालवलं. मग यंत्र थांबवून म्हणाले, "तुमी आता बोल्ले ते आयकू आलं मले." दुसरं महाग होतं. तेच घेतलं, सोबत गॉगल, हातमोजे आणि बूट.

मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या घरात जातो. लिथियमची बॅटरी अशा उन्हात तापली की चार्जर ती घेतच नाही. म्हणून ती पत्र्याच्या खोलीत न ठेवता संस्थेच्या कार्यालयात ठेवतो, पहाटे चार्ज करतो, आणि बिनकामाच्या महिन्यांत अर्धी भरलेली ठेवतो. काही वर्षांत तिचा दम कमी होणारच. त्यासाठी दरवर्षी वेगळी तरतूद सुरू केली आहे. पुढच्या कोषाध्यक्षांनी ती दिवाळीच्या रोषणाईला वापरू नये, ही विनंती. आणि जुनी बॅटरी भंगारवाल्याला देऊ नये. २०२२ च्या नियमांनुसार ती परत घेण्याची जबाबदारी बनवणाऱ्यांवर आहे.

शेळ्यांचं राहिलं. यंत्राने गवताचा भुगा होतो, तो शेळी खात नाही. ही गोष्ट भाऊंनी इतक्या वर्षांत एकदाही काढली नव्हती, मीच परवा विचारल्यावर सांगितली. हातयंत्र आलं त्याच वर्षी त्यांनी शेळ्या विकल्या होत्या. आता एकच आहे, नातवासाठी. म्हणून मागच्या भिंतीलगतची पट्टी न कापता ठेवायची असं ठरलं आहे. तिथे कोणी गवत वाढलंय म्हणून तक्रार करू नये. भाऊ ती विळ्याने कापतात.