‘रोग’ची भुयारे आणि खेळाडूंचे मृत्युकथन

मायकेल टॉय आणि ग्लेन विचमन यांनी १९८० च्या सुमारास कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांताक्रूझ येथील आवारात रचलेला ‘रोग’ हा संगणकीय खेळ अक्षरशः अक्षरांचा आहे. नायक हे एक चिन्ह, राक्षस ही रोमन वर्णमालेची २६ अक्षरे. भुयार दर डावाला नव्याने रचले जाते आणि मृत्यू अंतिम असतो. जतन केलेला डाव उघडताच त्याची फाइल नष्ट होते. १९८३ मध्ये बर्कलेच्या युनिक्सबरोबर तो विद्यापीठांतून पसरला. १९८७ चा ‘नेटहॅक’ त्याच कुळातला.

या खेळांवरील खेळाडूंच्या अभिप्रायांत एक विसंगती सतत आढळते. तासन्‌तास जोपासलेले पात्र एका चुकीने गेले, ही तक्रार. आणि त्यामुळेच हे व्यसन सुटत नाही, हा निर्वाळा. फाइलची गुपचूप प्रत ठेवणाऱ्याला मात्र हे रसिक पंक्तीला घेत नाहीत. ‘आणखी एक मूर्ख मरण’ हा त्यांनी रूढ केलेला कथाप्रकार म्हणजे मेलेल्याने प्रथमपुरुषी सांगितलेली, स्वतःलाच हसणारी शोकांतिका. (अभिजात शोकांतिकेतील नायकाला ही सवलत नाही.) यंत्र पडद्यावर थडगे काढून मारेकऱ्याचे नाव आणि सोन्याचा आकडा तेवढा नोंदवते, डावाची संहिता उरते ती या कथनातच. १९९६-९७ च्या ‘डायब्लो’त एकट्याने खेळणाऱ्याला जतन केलेल्या डावाकडे परतता येऊ लागले, आणि अशा कथनाची निकडच ओसरली.