कर्ण्यात न मावलेला खर्ज

विष्णु दिगंबर पलुस्कर आमच्या कुरुंदवाडचे. जन्म १८ ऑगस्ट १८७२. वडील कीर्तनकार. लहानपणी दत्तजयंतीच्या दारूकामात विष्णूचे डोळे भाजले, उपचारांसाठी मिरजेला नेलं, आणि तिथेच ते बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांचे शिष्य झाले. त्या काळी गाणं ऐकायचं तर गाणारा समोर बसलेला हवा. देवळाच्या मंडपात शेवटच्या ओळीपर्यंत पोचायचं ते गळ्याच्या बळावर.

५ मे १९०१ला विष्णु दिगंबरांनी लाहोरात गांधर्व महाविद्यालय काढलं. पुढच्याच वर्षी नोव्हेंबरात कलकत्त्याला गौहर जान ध्वनिमुद्रणाच्या कर्ण्यासमोर उभी राहून गायली. वीज नव्हती, हवेच्या धक्क्यानं पडदा हलायचा आणि सुई मेणावर रेघ ओढायची. त्या कर्ण्यात साधारण २५० ते २,५०० हर्ट्झपर्यंतचेच आवाज नीट शिरत. गळा त्यात बसला, तंबोरा मागे राहिला. पुरुषाचा षड्ज काळी एकला धरला तर खर्जाची तार ६९ हर्ट्झच्या आसपास बोलते. शिवाय तिचा आवाज मऊ, आणि कर्णा आपल्या तोंडाशी आलेल्याचंच ऐकायचा. १९२५नंतर मायक्रोफोन आला आणि ही कक्षा बरीच रुंदावली, पण तोवर ग्रामोफोनवर गाणं ऐकणाऱ्यांची एक पिढी तयार झाली होती.

मला हे लागतं, कारण तंबोरे बनतात आमच्या शेजारी मिरजेत. हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगारांनी एकोणिसाव्या शतकात हे काम हाती घेतलं. तारा ज्या घोडीवर टेकतात तिची पाठ किंचित बाकदार असते. तार तिला घासत थरथरते, आणि खाली सूत सरकवून नेमकी जागा शोधावी लागते. ती सापडली की जवारी, म्हणजे तारेचा झंकार, खुलते. सी. व्ही. रामन यांनी १९२१मध्ये याचाच अभ्यास मांडला: ज्या बिंदूवर तार छेडली तर एखादा उपस्वर उठूच नये असा नियम आहे, तिथे छेडूनही तंबोऱ्यात तो उठतो. खर्जातून निघणारा स्वयंभू गंधार आपल्याला इतका स्वच्छ ऐकू येतो, त्यात या घोडीचा मोठा वाटा आहे.

विष्णु दिगंबर १९३१मध्ये गेले, तेव्हा मुलगा दत्तात्रेय दहा वर्षांचा. पुढे याच डी. व्ही. पलुस्करांनी साडेतीन मिनिटांच्या तबकडीत अख्खा राग उभा केला. ‘बैजू बावरा’त अमीर खाँसाहेबांबरोबर ते गायले. १९५५मध्ये, चौतिसाव्या वर्षी गेले. तबकड्या नसत्या तर तो आवाज माझ्यापर्यंत आलाच नसता. म्हणून ध्वनिमुद्रणाला नावं ठेवणं मला मान्य नाही.

माझी तक्रार मोबाइलवरच्या तंबोऱ्याबद्दल आहे. त्या इवल्या स्पीकरमधून खर्जाचा मूळ स्वर बाहेर पडतच नाही. तरी मुलांना तो ऐकू येतो, कारण वरच्या उपस्वरांवरून मेंदू खालचा स्वर भरून काढतो. कानाची ही करामत मला थक्क करते. पण तंबोरा घेऊन बसलं की भोपळ्याचा कंप अंगाला जाणवतो. तो स्वर मेंदूला रचावा लागत नाही. शिवाय मोबाइल कधी उतरत नाही. पावसाळ्यात नदीकाठची दमट हवा लागली की खरा तंबोरा घडीघडीला बेसूर होतो, आणि मणके सरकवता सरकवता जोड जुळल्याची खूण कानाला पटते. माझ्या वर्गात पहिला अर्धा तास याच कामाला जातो. पालक विचारतात, गाणं कधी सुरू होणार?