चित्रपट दाखवणारा स्वस्त संगणक : सुट्या भागांच्या निवडीचा इतिहास

दूरचित्रवाणी संचाला एक संगणक जोडावा, त्यावर चित्रपट पाहावेत, गाणी ऐकावीत, शाळेत असल्यास वर्गाला माहितीपट दाखवावेत, अशी कल्पना आपल्यापैकी अनेकांच्या मनात येऊन गेली असेल. अशा संगणकाला ‘होम थिएटर संगणक’ म्हणतात. तो तयार विकत घेण्याऐवजी सुटे भाग आणून जुळवला तर बरेचदा पैसे वाचतात. मग प्रश्न येतो तो निवडीचा. हाती ठरावीक रक्कम आहे. ती प्रक्रियकावर जास्त खर्च करायची, स्मृतीवर, की चित्र काढणाऱ्या कार्डावर? दुकानदार बहुधा सर्वांत महाग भागाकडे बोट दाखवतो. या प्रश्नाचे योग्य उत्तर गेल्या चार दशकांत अनेकदा बदलले आहे. ते का बदलले हे समजले, तर आजची निवडही डोळसपणे करता येईल. म्हणून हा इतिहास थोडक्यात पाहू.

निवड करता येऊ लागली

सुरुवातीला एका गोष्टीची नोंद घ्यायला हवी. संगणकाचे भाग वेगवेगळ्या कंपन्यांकडून घेऊन एकत्र जोडता येतात, ही काही निसर्गाने दिलेली सोय नव्हे. १२ ऑगस्ट १९८१ रोजी आयबीएम कंपनीने आपला वैयक्तिक संगणक जाहीर केला. तो सुमारे वर्षभरात तयार करायचा असल्याने कंपनीने बाजारात मिळणारेच भाग वापरले. प्रक्रियक होता इंटेलचा ८०८८. मुख्य पाटीवर जादा कार्डे बसवण्यासाठी पाच खाचा होत्या. इतरांना अशी कार्डे बनवता यावीत म्हणून कंपनीने तांत्रिक पुस्तिका काढली आणि तीत मंडलांच्या आकृत्याही छापल्या.

संरक्षित राहिली ती प्रामुख्याने संगणक सुरू करणारी मूळ आज्ञावली, म्हणजे ‘बायोस’. तिच्यावर आयबीएमचा स्वामित्वहक्क होता. कॉम्पॅक या कंपनीने त्यातून वाट काढली. एका गटाने मूळ आज्ञावली काय काम करते याचे वर्णन लिहिले, आणि मूळ आज्ञावली कधीही न पाहिलेल्या दुसऱ्या गटाने त्या वर्णनावरून नवी आज्ञावली रचली. कॉम्पॅकचा संगणक नोव्हेंबर १९८२ मध्ये जाहीर झाला. पुढे १९८४ मध्ये फिनिक्स कंपनी अशीच बायोस इतर उत्पादकांना विकू लागली, आणि सुसंगत संगणकांचे पीक आले. १९८७ मध्ये आयबीएमने नव्या प्रकारच्या खाचा आणून सूत्रे पुन्हा हाती घेण्याचा प्रयत्न केला. पण १९८८ मध्ये नऊ उत्पादकांनी एकत्र येऊन पर्यायी मानक मांडले, आणि या यंत्राची रचना एका कंपनीच्या हातून कायमची सुटली. १९९२ मध्ये कार्डांच्या जोडणीसाठी पीसीआय हे मानक आले. १९९५ मध्ये एटीएक्स आले. त्यात मदरबोर्डाचा आकार, स्क्रूच्या भोकांच्या जागा आणि वीजपुरवठ्याची जोडणी एवढेच ठरवले होते. मात्र भोकांच्या जागा ठरल्या, म्हणूनच एका कारखान्याची पेटी दुसऱ्याच्या मदरबोर्डाला चालू लागली. मुंबईचा लॅमिंग्टन रोड किंवा पुण्याची तपकीर गल्ली येथील असेम्बल्ड संगणकांचा व्यवसाय याच पायावर उभा राहिला.

चित्र किती जड असते?

आता कामाकडे वळू. चित्रपट दाखवायला संगणकाला किती माहिती हाताळावी लागते? हे गणित आठवीच्या वर्गातही करता येईल. डीव्हीडीच्या दर्जाचे चित्र ७२० × ५७६ चित्रबिंदूंचे असते. प्रत्येक बिंदूच्या रंगासाठी ३ बाइट धरले आणि सेकंदाला २५ चित्रे दाखवली, तर

७२० × ५७६ × ३ × २५ = ३,११,०४,००० बाइट.

म्हणजे दर सेकंदाला तीन कोटींहून अधिक बाइट. एका सीडीवर सुमारे ६५ कोटी बाइट मावतात. त्यात केवळ २० सेकंदांचा चित्रपट बसेल. एकथरी डीव्हीडीवर ४७० कोटी बाइट मावतात. ती अडीच मिनिटांत संपेल. दोन तासांचा चित्रपट तिच्यावर बसवायचा, तर माहिती सुमारे ५० पट कमी करायला हवी. या घडी घालण्याच्या तंत्राला संक्षेपण म्हणतात.

त्याचा एक पाया घातला बंगळूरमध्ये जन्मलेल्या आणि तेथेच अभियांत्रिकी शिकलेल्या नासिर अहमद यांनी. ते अमेरिकेतील कॅन्सस राज्य विद्यापीठात अध्यापक होते. १९७२ मध्ये त्यांनी एका नव्या गणिती रूपांतराच्या अभ्यासासाठी तेथील राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानकडे निधी मागितला. तो मिळाला नाही. तरीही त्यांनी टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह काम पुरे केले. जानेवारी १९७४ मध्ये त्यांचा अवघ्या चार पानांचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. हे रूपांतर म्हणजे ‘डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म’, थोडक्यात डीसीटी.

त्यामागची कल्पना अशी. चित्रातले शेजारशेजारचे बिंदू बहुधा सारखेच असतात. आकाशाच्या एका निळ्या बिंदूशेजारी दुसरा निळा बिंदूच असण्याचा संभव जास्त. म्हणून चित्राचे ८ × ८ बिंदूंचे चौकोन पाडायचे. प्रत्येक चौकोनातील ६४ आकडे जसेच्या तसे न लिहिता त्या चौकोनाची सरासरी उजळी, मग तीत होणारे संथ बदल, मग जलद बदल, अशा क्रमाने मांडायचे. बहुतेक चौकोनांत जलद बदलांचे आकडे शून्याजवळ येतात. ते ढोबळ केले किंवा गाळले, तरी डोळ्यांना सहसा कळत नाही. याला दुसऱ्या युक्तीची जोड दिली जाते : लागोपाठच्या दोन चित्रांत जे बदलले असेल तेवढेच साठवायचे. या दोन्ही युक्त्यांवर ‘एमपेग’ ही मानके उभी आहेत. त्यासाठी लिओनार्दो कियारिलिओने आणि हिरोशी यासुदा यांच्या पुढाकाराने १९८८ मध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगट स्थापन झाला. त्याच्या पहिल्या मानकावर १९९३ मध्ये आलेली व्हिडिओ सीडी चालत असे, तर दुसऱ्यावर डीव्हीडी.

पहिले उत्तर : वेगळे कार्ड घ्या

घडी घालण्याचे काम चित्रपट तयार करताना एकदाच होते, पण उलगडण्याचे काम पाहणाऱ्याच्या यंत्राला दर सेकंदाला करावे लागते. ते किती, हेही मोजू. वर दिलेल्या चित्रात उजळीचे ६,४८० चौकोन असतात. रंगाची माहिती कमी बारकाईने साठवतात, तिचे आणखी ३,२४०. २५ चित्रांचे मिळून सेकंदाला २,४३,००० चौकोन होतात. सरळ पद्धतीने एका चौकोनाला १,०२४ गुणाकार लागतात, म्हणजे सेकंदाला सुमारे २५ कोटी. १९८९ मध्ये लोफ्लर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आठ आकड्यांच्या ओळीसाठी ६४ ऐवजी ११ गुणाकार पुरतील अशी रीत शोधली. एका चौकोनात अशा ओळी आणि स्तंभ मिळून १६ असल्याने गुणाकार १७६ वर आले, आणि सेकंदाची बेरीज सव्वाचार कोटींच्या घरात. केवळ गणिती चातुर्याने काम जवळजवळ सहापट हलके झाले!

तरीही १९८१ च्या ८०८८ प्रक्रियकाला हे शक्य नव्हते. त्याचे घड्याळ सेकंदाला ४७.७ लाख ठोके देई, आणि १६ बिटांच्या एका गुणाकाराला शंभराहून जास्त ठोके लागत. म्हणजे सेकंदाला फार तर ४० हजार गुणाकार. कमतरता हजारपटीची होती. १९९० च्या दशकाच्या पूर्वार्धातील प्रक्रियक पुष्कळ वेगवान झाले होते. पण त्यांनाही हे काम एकट्याने पेलत नव्हते. म्हणून उलगडण्याचेच काम करणाऱ्या चिपा बनल्या. सिग्मा डिझाइन्सचे ‘रीलमॅजिक’ हे कार्ड १९९३ मध्ये आले. त्या वेळी चित्रपट दाखवायचा संगणक जुळवणाऱ्याने प्रक्रियक साधा घ्यायचा आणि डिकोडर कार्डासाठी पैसे राखायचे, हेच शहाणपणाचे होते. आवाजासाठीही निराळे कार्ड लागे.

दुसरे उत्तर : प्रक्रियक घ्या

जानेवारी १९९७ मध्ये इंटेलने पेंटियममध्ये ‘एमएमएक्स’ आज्ञांची भर घातली. एका आज्ञेने १६ बिटांचे चार गुणाकार एकदम होऊ लागले. डीसीटीसारख्या एकसुरी कामाला हे फारच सोयीचे. त्याच सुमारास घड्याळांचा वेगही झपाट्याने वाढला. चित्रे काढणाऱ्या चिपाही या कामाचा काही भाग उचलू लागल्या. थोड्याच वर्षांत डीव्हीडी केवळ आज्ञावलीच्या बळावर दिसू लागली, आणि महाग डिकोडर कार्डे निरुपयोगी झाली. आता सल्ला उलटा झाला : कार्ड नको, वेगवान प्रक्रियक घ्या.

पण या उत्तरात एक उणीव होती. वेगाबरोबर उष्णता वाढली. २००४ मधील काही पेंटियम ४ प्रक्रियक १०० वॅटहून अधिक वीज घेत. एवढी उष्णता बाहेर टाकायला मोठा पंखा हवा, आणि पंखा आवाज करतो. कचेरीत तो खपून जातो. पण चित्रपटातील हळुवार प्रसंगात पेटीची घरघर ऐकू आली, तर सगळ्याच खटाटोपाचा हेतू फसतो. व्हीआयए या तैवानी कंपनीने २००१ मध्ये १७ × १७ सेंटिमीटरचा ‘मिनी-आयटीएक्स’ मदरबोर्ड पुढे आणला, त्यामागे लहान, थंड आणि शांत यंत्राचीच मागणी होती.

तिसरे उत्तर : कोपऱ्यातला विभाग पाहा

२००३ मध्ये एच.२६४ हे नवे मानक आले. ते एमपेग-२ पेक्षा पुष्कळ घट्ट घडी घालते, पण ती उलगडायला गणितही जास्त लागते. शिवाय १९२० × १०८० बिंदूंची चित्रे आली होती. सगळा भार मुख्य प्रक्रियकावर टाकणे पुन्हा जड जाऊ लागले. तेव्हा जुनी कल्पना नव्या जागी परतली. उलगडणारे मंडल स्वतंत्र कार्डावर न राहता चित्रे काढणाऱ्या चिपेच्या एका कोपऱ्यात बसले. इंटेलचा ॲटम २३० हा प्रक्रियक अवघ्या ४ वॅटचा आणि अगदी दुबळा. पण २००९ मध्ये त्याला एनव्हिडियाच्या ‘आयन’ चिपेची जोड मिळाली, तेव्हा तो एच.२६४ मधील मोठी चित्रे सहज दाखवू लागला. २०१२ मध्ये आलेला रास्पबेरी पाय तर ३५ डॉलरचा होता. त्याचा प्रक्रियक ७०० मेगाहर्ट्झचा, तरी उलगडणारे मंडल असल्याने तोही हे करी.

याच रास्पबेरी पायची आणखी एक गोष्ट बोलकी आहे. त्याच्या चिपेला एमपेग-२ उलगडता येत होते. पण पेटंटांचे शुल्क भरलेले नसल्याने ती सोय कुलूपबंद होती. ऑगस्ट २०१२ पासून २.४० पौंड भरून किल्ली घेता येऊ लागली. एमपेग-२ वरील अमेरिकेतील शेवटचे पेटंट २०१८ मध्ये संपले. यंत्राची क्षमता आणि ती वापरण्याची परवानगी या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे एवढ्याशा व्यवहारात दिसून येते.

आजचा प्रश्न : कोणती घडी?

एच.२६४ नंतर २०१३ मध्ये एचईव्हीसी आणि व्हीपी९ आली, २०१८ मध्ये एव्ही१. दर नव्या घडीला उलगडणारे मंडल नवे लागते. ते चिपेत नसेल तर सगळा भार पुन्हा मुख्य प्रक्रियकावर पडतो, चित्र अडखळते आणि आपण म्हणतो, संगणक जुना झाला, हळू झाला. प्रत्यक्षात त्याचा वेग पूर्वीइतकाच असतो. चित्रफितीची घडी बदललेली असते. शाळांतील कितीतरी संगणक याच कारणाने कपाटात किंवा भंगारात जातात. २०१० नंतरच्या बहुतेक संगणकांना एच.२६४ मंडलाच्या साहाय्याने उलगडता येते. अडखळणारी फीत दुसऱ्या संगणकावर एकदाच एच.२६४ मध्ये बदलून घेतली, तर तोच ‘निकामी’ संगणक वर्गात निर्वेधपणे माहितीपट दाखवू शकतो. ही खटपट फुकट आवृत्त्यांत मिळणाऱ्या आज्ञावलींनी होते, आणि नव्या खरेदीचा खर्च वाचतो.

नवा संगणक जुळवायचा असेल, तर प्रथम आपण कोणत्या फिती दाखवणार ते लिहून काढावे. मग चित्रविभाग अंगभूत असलेला, कमी वॅटचा प्रक्रियक निवडावा आणि तो कोणकोणत्या घड्या स्वतंत्र मंडलाने उलगडतो हे उत्पादकाच्या तक्त्यात पाहावे. एव्ही१ आणि एचईव्हीसी दोन्ही असतील तर उत्तम. वेगळे कार्ड केवळ चित्रपटांसाठी सहसा लागत नाही. आवाजाचेही लागत नाही, कारण २००२ मध्ये आलेली एचडीएमआय जोडणी चित्र आणि आवाज एकाच तारेतून नेते. महाग, वेगवान साठवणीचीही गरज नाही. ब्लू-रे तबकडीवरील चित्राचा कमाल वेग सेकंदाला ४ कोटी बिट, म्हणजे ५० लाख बाइट. हा वेग जुनी हार्ड डिस्कही देते. उरलेले पैसे चांगल्या वीजपुरवठ्यावर, शांत पंख्यावर आणि ध्वनिक्षेपकांवर खर्च करावेत. वर्गात मागच्या बाकावर स्पष्ट ऐकू येणे हे प्रक्रियकाच्या वेगापेक्षा जास्त मोलाचे आहे.

जाता जाता वर्गासाठी एक गणित. १९२० × १०८० आणि ३८४० × २१६० या आकारांच्या चित्रांसाठी संक्षेपण न केलेली माहिती सेकंदाला किती होईल, आणि एका डीव्हीडीवर ती किती सेकंद पुरेल, हे विद्यार्थ्यांना काढायला सांगावे. पहिले उत्तर सुमारे ३० सेकंद येईल, दुसरे साडेसात. त्यानंतर नासिर अहमद यांच्या चार पानांची गोष्ट सांगितली, तर ती मुलांच्या चांगली लक्षात राहील.